लाल पट्ट्याच्या खाली

१९ जून

मुलाने, अमृतने, त्याच्या कंपनीची डायरी दिली होती, ती जानेवारीपासून कोरीच पडून होती. आजपासून लिहायला घेतो. पाण्याच्या नोंदीची वही वेगळी असेल, लाल पुठ्ठ्याची, ती मी कुणालाही दाखवीन. ही माझी स्वतःची. हिच्यात मनातले लिहीन.

निमित्त हमीद. आमच्या वाडीत आधी रस्ता, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे आमची घरे. हमीदचे घर वरच्या अंगाला, माझे खालच्या. चाळीस वर्षे आम्ही त्याच्या अंगणातून, त्याच्या साकवावरून ओढा ओलांडून रस्त्याला लागत आलो. आता अमृतने गाडी घेतली. ती दारात यायला नको? म्हणून मार्चमध्ये मी माझ्या दारासमोर ओढ्यात सिमेंटचे दोन पाईप टाकले, दोन-दोन फुटी, आणि वर स्लॅब. गणपतीला गाडी थेट तुळशीपाशी येईल.

आज हमीद चार माणसांत म्हणाला, "हौशा, ह्या नळ्यांत ओढा मावायचा न्हाई. तीन फुटी घालायचं व्हतंस, न्हाईतर मोकळी मोरी ठेवायची."

मला! चौतीस वर्षे रेल्वेत काढली मी, घाटात, गँगमनचा मुकादम झालो. पावसाळ्यात पुलापुलाला उतरून पाणी मोजले. आणि गॅरेजात स्कूटरी खोलणारा हा गडी मला पाणी शिकवणार. मीही म्हटले, "तुझ्या दगडी भितीनं ओढा दीड फूट आत घेतलाय, ते दिसत न्हाई व्हय रं तुला?" शब्दाने शब्द वाढला. शेवटी मी शपथ घेतली की तुझ्या अंगणात पाय ठेवला तर नावाचा हौशीराम नाही.

घरात आल्यावर बायको, नंदा, म्हणाली, "पाईप आनताना मीबी म्हनलं व्हतं, तीन फुटी घ्या."

म्हणाली होती खरी. पण दुकानात दोन फुटीच तयार होते आणि अमृतची रजा शनिवारी संपत होती. तेव्हाच मला वाटले होते, लहान पडतील. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे नाही.

२२ जून

पुलावर धोक्याची खूण रंगवायचो तसा पाईपांवरच्या सिमेंटच्या भिंतीवर लाल पट्टा मारला. स्लॅबच्या खालच्या अंगाला, ओसरीतल्या खुर्चीवरून नीट दिसेल असा. गुडघ्यांनी दगा दिलाय, ओल्यात उतरवत नाही. पट्ट्याच्या वर पाणी आले तर धोका, खाली असले तर बिनघोर.

स्लॅबच्या वरच्या अंगाला कठडा म्हणून पत्रे ठोकले, ते तसेच कुंपणापर्यंत नेले. आता हमीदचे अंगण दिसत नाही आणि हमीदही दिसत नाही.

नंदा म्हणाली, "पल्याडचं पानी कसं दिसंल मग?"

"त्येचं त्यो बघंल की."

२६ जून

नोंद कशी ठेवावी हे माणसाने आमच्या खात्यात शिकावे. एकदा नथू नावाचा नवा माणूस होता. भर पावसात चौकीत शेकोटीला बसून त्याने वहीत पुलाचे पाणी लिहिले, 'नेहमीप्रमाणे'. मी स्वतः जाऊन बघितले तर पुलाच्या वरच्या तोंडाला अख्खे झाड अडकलेले. मी त्याची तक्रार केली. पंधरा दिवस घरी बसला बिचारा, पण तेव्हापासून माझ्या गँगचा नियम झाला: प्रत्येक नोंदीखाली 'स्वतः पाहिले' लिहायचे आणि सही करायची.

लाल वहीत मीही तसेच लिहितो. आज सकाळी सात: पट्ट्याच्या अडीच फूट खाली. दुपारी चार: सव्वादोन फूट खाली. स्वतः पाहिले. चहा पीत होतो तेव्हा.

२ जुलै

दोन फूट खाली. पाईपांच्या तोंडातून पाणी लांबवर उडते आहे, नळीतून सोडावे तसे. काय जोराने ओढतात! हमीदने येऊन बघावे.

७ जुलै

कालपासून धो धो. आज रस्त्यावर घोटाभर पाणी होते. ते वाहत वाहत माझ्या स्लॅबवर आले आणि स्लॅबच्या कडेची माती कापून गेले. अंगणात चिखलच चिखल.

मी विचार केला. ओढ्यातले पाणी पट्ट्याच्या दोन फूट खाली. मग रस्त्यावर पाणी आले कुठून? ओढा तर भरलेलाच नाही. एकच उत्तर निघते. हमीदची भिंत. ती पाण्याला रस्त्याकडे ढकलते.

नंदा हमीदकडे जाऊन आली. तिने कुठलीही शपथ घेतलेली नाही, असे ती मला रोज ऐकवते. म्हणाली, "भितीच्या वरच्या दगडाला पानी लागलंय. बूबूच्या खोलीत वल आलीय. हसिना रातंदिस फडकी पिळतीय. तुमी एकदा रस्त्यावर जाऊन बगा तरी, वर काय झालंय."

हसिना म्हणजे हमीदची बायको. बूबू म्हणजे त्याची आई, पण अख्खी वाडी तिला बूबूच म्हणते. गेल्या दिवाळीत पडली आणि खुबा मोडला, तेव्हापासून ओढ्याकडच्या खोलीत खाटेवर आहे. लहानपणी आई शेतावर गेली की मी तिच्या चुलीपाशी जेवायचो. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. माझ्या आईच्या हाताला ती चव नव्हती, हे आई असेपर्यंत बोललो नाही.

मी म्हटले, "बगायचं काय त्यात? नोंद हाय माझ्याकडं."

९ जुलै

पंचायतीला अर्ज लिहिला आणि एक प्रत वडगावला तहसीलला दिली. 'शेजारी इसमाने ओढ्याच्या पात्रात दगडी भिंत बांधून प्रवाह अडविला आहे. सोबत दैनिक नोंदवहीची प्रत जोडली आहे.' शेजारी इसम असे लिहिताना हात थोडा थांबला. शाळेत एका पाटीवर लिहायचो आम्ही. पण मग त्याचे 'मावायचा न्हाई' आठवले आणि पुढचे सगळे झरझर लिहून झाले.

१५ जुलै

चार दिवस उघडीप होती, आज साहेब आले. ग्रामसेवक आणि तालुक्याचे एक इंजिनीयर. ओढा शहाण्या मुलासारखा वाहत होता. स्लॅबवर खुर्च्या टाकल्या, नंदाने चहा केला, जरा तोंड वाकडे करूनच. इंजिनीयरसाहेबांनी लाल वही पानपान उलटली. म्हणाले, "मुकादम, अशी नोंद आमच्या ऑफिसातसुद्धा नसते हो."

खोटे का बोलू, छाती भरून आली.

पत्र्यामागून हमीदचा आवाज आला, "सायेब, हिकडनं या. पत्र्याच्या ह्या अंगानं बगा, पानी कुटवर चढलंय त्येच्या खुना हायेत."

साहेब उठून गेले आणि पाच मिनिटांत परत आले. भिंत पात्रात दीड फूट आहे हे त्यांनी टेपने मोजले. खुणांचे विचारले तर म्हणाले, चिखलाच्या खुणांवर कागद होत नाही, नोंदीवर होतो.

बरोबरच आहे. तरी पण जेवताना नंदाने ताट जरा आपटूनच ठेवले. आमटीही अळणी होती. मुद्दाम केली की विसरली, ते विचारले नाही.

१९ जुलै

हमीदला नोटीस आली. सात दिवसांत भिंत काढा.

मला वाटले होते भांडेल, वकील बघेल, निदान माझ्या नावाने शिव्या तरी घालेल. सकाळपासून पत्र्यामागे पहारीचा आवाज येत होता. एकटाच काढत होता. एक दगड निघायचा, मग थोडा वेळ काही नाही, मग पुढचा. मी ओसरीत बसून मोजत होतो हे माझ्या लक्षात आले तेव्हा बावन्न झाले होते. ती भिंत त्याने आणि मी मिळून रचली होती, ज्या वर्षी मला मुकादमी मिळाली त्या उन्हाळ्यात. तेव्हा दीड फूट आत आहे हे मला दिसले नव्हते.

मधूनच बूबूचा खोकला ऐकू येत होता. आधी येत नव्हता. मध्ये भिंत होती म्हणून येत नसेल.

मी जिंकलो. हे इथे लिहून ठेवतो, कारण दिवसभरात कुणापुढे म्हणावेसे वाटले नाही.

२३ जुलै

पुन्हा पाऊस. पावणेदोन फूट खाली. नंदा म्हणते, बूबूची खाट चार विटांवर चढवलीय.

२५ जुलै, दुपारी दोन

पहाटेपासून असा पाऊस की समोरचा डोंगर दिसत नाही. पलीकडे भाजे गावाच्या बाजूने नुसता पाण्याचा आवाज येतो. सकाळी अकरा: दीड फूट खाली. एक: एक फूट खाली. पहिल्यांदाच जरा धाकधूक झाली.

आता दोन वाजता मात्र तीन फूट खाली. पाणी उतरले! पाऊस तसाच कोसळतोय, पण ओढा उतरला. पाईपांतून आता अगदी बेताचे पाणी येते आहे. ही नोंद लाल वहीत ठळक लिहिणार. ज्यांना शंका

२५ जुलै, रात्री आठ

वरचे वाक्य अर्धेच राहिले, ते तसेच ठेवतो.

लिहीत होतो तेव्हा पत्र्यावर धडाधड हात आपटल्याचा आवाज आला. हसिना ओरडत होती, "भाऊ! हौशीरामभाऊ! बूबूला उचलायला या! ह्यांच्या एकट्याच्यानं खाट हलंना!"

मी उठलो. शपथ वगैरे काही आठवले नाही. पत्र्याचा खिळा हाताने उपटला, तळवा फाटला तेही नंतर कळले. पत्रा बाजूला केला आणि समोर पाणी. माझ्या स्लॅबच्या काठोकाठ, छातीएवढे खोल, तांबडे, संथ फिरत असलेले पाणी. हमीदच्या अंगणाचे तळे झाले होते. साकव दिसतच नव्हता. पाईपांच्या तोंडाशी केळीचे खुंट, फांद्या, गोधडी, प्लास्टिक, सगळे गच्च बसले होते. आणि माझा लाल पट्टा चार हातांवर, पलीकडे, कोरडा.

म्हणूनच पाणी उतरले होते.

मागच्या वाटेने, घरांच्या पाठीमागून गेलो. खोलीत कमरेएवढे पाणी. ज्या अंगाची दगडी भिंत काढली तिथून सरळ आत येत होते, खिडकीखालची माती विरघळत होती. हमीद खाटेचे पायथ्याचे दोन पाय धरून उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिले आणि फक्त म्हणाला, "उशाकडनं धर."

धरले. हसिनाने मधून आधार दिला. पाणी ढकलत, एकेक पाऊल टाकत आम्ही मागच्या दाराकडे निघालो. बूबू जागी होती. तिने मान वळवून माझ्या पायांकडे बघितले, पाण्यातून काय दिसले कोण जाणे, आणि म्हणाली, "हौशा, पायात काय घातलं न्हाईस रं? काच लागंल."

मला हुंदका फुटला. खाट हातात होती, तोंड झाकता येईना.

तिला मागच्या उंचवट्यावरच्या गोठ्यात ठेवले तोवर ओढ्याकडची भिंत खाली बसली. फार आवाज झाला नाही. आधी छप्पर वाकले आणि मग कौले पाण्यात जाऊ लागली. हसिना मटकन खाली बसली. त्या खोलीत तिची शिवणाची मशीन होती, हमीदची हत्यारांची पेटी होती, बूबूचे कपाट होते.

नंदा तोवर वरच्या बंगल्याच्या कामावरचा जेसीबी घेऊन आली. चिंब भिजलेली, अनवाणी. मला तर सुचलेच नव्हते. चालवणारा आकाश रस्त्यावर थांबून ओरडला, "आबा, ह्यो तुमचाच स्लॅब हाय नव्हं? फोडू का?"

हमीद, हसिना, नंदा, सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटले, "फोड."

दहा मिनिटांत स्लॅब गेला. तळ्याचे पाणी एकदम धावले आणि माझ्या ओसरीवर चढले. खुर्ची गेली, लाल पट्टा पहिल्यांदा पाण्याखाली गेला. ते माझ्या वाट्याचे पाणी होते. महिनाभर ते मी हमीदच्या घरात साठवत होतो.

२६ जुलै

बूबूला वडगावला तिच्या लेकीकडे नेले. ताप आहे. हमीद आणि हसिना गोठ्यात राहतात. नंदा डबा देऊन येते. मी ओसरीतला चिखल काढला. लाल वही माळ्यावर होती, ती कोरडी ठणठणीत राहिली.

२९ जुलै

पंचनामा झाला. तेच इंजिनीयरसाहेब. म्हणाले, नैसर्गिक आपत्ती दाखवू. स्लॅबचा विषय निघालाच तर घाबरू नका मुकादम, तुमची वही आहे. घर पडले त्या दिवशी दुपारी दोन वाजताची नोंद, पाणी धोक्याच्या तीन फूट खाली, स्वतः पाहिले, सही. यापुढे कोण काय बोलणार? सोमवारी वडगावला या आणि वही जमा करा.

सगळे खरे आहे. एकही आकडा खोटा नाही. रात्रभर नथू डोळ्यांसमोर येत राहिला. त्याने तर एकच शब्द खोटा लिहिला होता.

नंदाला विचारले, काय करू. भांडी घासता घासता म्हणाली, "तुमाला ठावं हाय. मला कशाला इचारता?"

३१ जुलै

सोमवारी लाल वहीबरोबर ही वहीसुद्धा देणार. हिच्यात १९ जूनचे पान आहे. पण कचेरीत वाचली जाण्याआधी ती हमीदने वाचायला हवी, असे वाटले. दुपारी गेलो. तो काढलेल्या दगडांच्या राशीवर बसून चिखलातून निघालेले हत्यारांच्या पेटीतले पाने घासलेटात धूत होता.

वही पुढे केली. म्हटले, "ही सोमवारी सायबाला देनार हाय. आदी तू वाच."

त्याने वहीकडे बघितले, घेतली नाही. "चष्मा पान्यात गेला माझा. तूच वाच."

वाचून दाखवायचे हे मनात आले नव्हते. बसलो. पहिल्या पानापासून वाचायला लागलो. 'स्कूटरी खोलणारा हा गडी' आले, तेही वाचले. हसिना येऊन दाराशी उभी राहिली. 'तेव्हाच मला वाटले होते, लहान पडतील,' इथवर आलो आणि हमीदने हात वर केला.

"हे परत वाच."

परत वाचले.

"म्हंजी तुला तवाच कळलं व्हतं."

"व्हय."

त्याने हातातला पाना पुसला, खाली ठेवला, दुसरा घेतला. तोही पुसला. हसिना चहा घेऊन आली. एकच कप होता, तो तिने हमीदपुढे ठेवला आणि आत गेली. चहावर साय धरली तरी तो हातातला पाना पुसतच होता. मला वाटत होते त्याने मला मारावे, निदान शिवी तरी द्यावी.

शेवटी म्हणाला, "आज एवढंच. लय झालं. उद्या ये आन् फुडचं वाच. रोज यायचं. एक पान सोडायचं न्हाई."

"बूबूचं पानबी?"

"त्येबी. मग दे सायबाला."

उठलो. निघताना त्याच्या अंगणाच्या कडेला गेलो. गुडघे बोलत होते, तरी दगडाला धरून ओढ्यात उतरलो आणि हाताने मोजले. लाल वहीत लिहायची इच्छा झाली नाही, म्हणून इथे लिहितो.

३१ जुलै, संध्याकाळी पाच. पाऊस बारीक. वरच्या अंगाला, बूबूच्या खोलीच्या उंबऱ्यापासून पाणी चार फूट खाली. खोली नाही, उंबरा आहे. स्वतः पाहिले.